९२व्या नंबरवर अडकलेला 'घोस्ट्स' आज पुन्हा का ऐकावा?

मार्च २००७. ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला 'वॉक धिस वे' होतं, शुगाबेब्स आणि गर्ल्स अलाउड या दोन गर्ल ग्रुप्सनी मिळून गायलेलं. त्याच वर्षी जूनमध्ये शिवॉन डॉनाहीचा 'घोस्ट्स' हा सोलो अल्बम आला आणि ९२व्या क्रमांकापुढे सरकलाच नाही. शिवॉन कोण? शुगाबेब्सच्या मूळ तिघींपैकी एक. २००१ मध्येच ती बाहेर पडली होती.

मग अल्बम वाईट होता का? अजिबात नाही. पण गर्ल ग्रुपमधल्या मुलीकडून लोकांना चटकन ओठांवर बसणारी गाणी हवी असतात. 'घोस्ट्स' मात्र धूसर, स्वप्नाळू आहे, केट बुशची आठवण करून देणारा. शीर्षकगीतात तर तिचा आवाज चक्क उलटा वाजतो! असं संगीत मुरायला वेळ लागतो. चार्ट मात्र तेव्हा फक्त त्या आठवड्याची विक्री मोजायचा.

पुढे मूळ तिघी पुन्हा एकत्र आल्या आणि २०२२ मध्ये ग्लॅस्टनबरीत शुगाबेब्स याच नावाने गायल्या. आज 'घोस्ट्स' ऐकताना कळतं, ग्रुप सोडणारी ही मुलगी मागे पडली नव्हती. तिने वाट बदलली होती. हेडफोन लावा आणि पहिल्या गाण्यापासून सलग ऐका.