माडीच्या फळ्यांतील फटी

रेणापूर, औसा, उदगीर या बाजूच्या जुन्या वाड्यांत माडीची जमीन सागवानी फळ्यांची आढळते. फळ्यांच्या या कामाला तक्तपोशी म्हणतात. उन्हाळ्यात तिच्यात अशा फटी पडतात की माडीवर झाडू फिरला की खाली बसलेल्याच्या ताटात धूळ! मग घरचे ठरवतात, यंदा फटी बुजवून, जमीन घासून पॉलिश करून घ्यायची. काम निघते मे महिन्यात. श्रावणात काही फळ्या उचलल्या जातात, खिळे ढिले होतात, आणि पुढच्या मेमध्ये फटी पूर्वीपेक्षा रुंद. असे का व्हावे?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. कडब्याची पेंढी भिजली तर ती जाड होते, लांब होत नाही. लाकडाचेही तसेच. हवेतील बाष्प नळ्यांच्या भिंतींत शिरते व फळी रुंदीत फुगते. लांबीत फरक जवळजवळ नाहीच. मराठवाड्यात मेच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा 25 टक्क्यांच्या खाली जाते, पावसाळ्यात ती 80 च्या आसपास असते.

आता हिशेब करू. फळीतील पाणी कोरड्या वजनाच्या 1 टक्क्याने बदलले की आडव्या चिरीची सागवानी फळी रुंदीत सुमारे 0.19 टक्के बदलते. वर्षभरात पाण्याचा फरक 6 टक्के धरा. मग 25 सेंटिमीटर रुंद फळी जवळजवळ 3 मिलिमीटर फुगते. खोलीत अशा 12 फळ्या असल्या तर एकूण फरक साडेतीन सेंटिमीटरच्या घरात जातो! (ओंडक्याच्या मध्यातून उभी चिरलेली फळी याच्या साधारण निम्मीच हलते. जुने जाणते सुतार अशी फळी निवडून घेत, ते उगीच नव्हे.)

मेमध्ये फट कडक लांबीने गच्च भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही. काही फळ्या वर उचलतात. ज्या उचलत नाहीत त्यांच्या कडेच्या पेशी चेपतात, आणि चेपलेल्या पेशी पुन्हा पूर्ववत होत नाहीत. म्हणून फळी सुकली की आधीपेक्षा अरुंद होते. फट वाढते ती अशी. उलट भर पावसात भरले, तर उन्हाळ्यात लांबी सुटून पापुद्रे गळू लागतात.

तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस बरे. फळी तेव्हा ना फार फुगलेली, ना फार सुकलेली. आधी फटीतील माती-कचरा खरवडून काढावा. केसाएवढ्या फटी न भरलेल्याच चांगल्या. रुंद फटीत त्याच जातीच्या जुन्या लाकडाची, किंचित निमुळती पट्टी बसवावी आणि सरस तिच्या एकाच बाजूला लावावा. दोन्ही बाजूंना लावला तर दोन फळ्या जखडतात आणि भलतीकडेच तडा जातो. मेमध्येच काम करणे भाग असेल, तर पट्टी फटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवावी. भुसा आणि सरस यांचा लगदा स्वस्त खरा, पण हलत्या फटीत तो वडीसारखा फुटतो. त्यापेक्षा जवसाच्या तेलात भिजवलेली सुतळी दाबून बसवावी. ती चेपते आणि पुन्हा थोडी फुलते. होडीच्या फळ्यांमध्ये कापूस ठोकतात तो याच गुणासाठी. तिथे मात्र फळी फुगणे हिताचे, सांधा आणखी घट्ट होतो.

पट्ट्या बसल्यावर रंधा, मग काचकागद, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. लाखेचा थर बाष्पाला अडवत नाही, फक्त उशीर लावतो. तो वरूनच दिला तर खालची बाजू अधिक लवकर फुगते आणि फळी वाकते. म्हणून खालूनही हात द्यावा.

माळवदाची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. तिथे फळ्यांवर मातीचा थर असतो. गळती लागली की वर आणखी पांढरी माती टाकायची, ही जुनी रीत. दहा चौरस मीटर माळवदावर एक सेंटिमीटर माती म्हणजे सुमारे 160 किलो भार! 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे यांखाली हजारो माणसे गेली. माळवदाच्या फटीतून माती गळत असेल तर आधी वरची जादा माती उतरवून फळ्या आणि तुळया तपासून घ्याव्यात.

जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात राहिला, तर तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शाळेत व्हर्नियर कॅलिपर असेल तर एका सागवानी तुकड्यावर आडवी आणि उभी अशी दोन मापे खुणा करून आजच नोंदवा. तीच मापे ऑगस्टमध्ये आणि मेमध्ये पुन्हा घ्या. कोणते बदलते ते पाहा.