मोटारींची शर्यत प्रथम पाहतांना

मोटारींची शर्यत ज्यानें आजवर केवळ पडद्यावर पाहिली आहे, तो मनुष्य प्रथमच प्रत्यक्ष शर्यतीला गेला म्हणजे बहुधा निराश होतो. पडद्यावर सारी शर्यत त्याच्या पुढ्यांत असते. येथें त्याच्या वाट्याला रस्त्याचा एक तुकडा येतो. पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारें २०० किलोमीटरांवर असलेल्या ल मां शहरीं १९२३ सालीं सुरू झालेली चोवीस तासांची शर्यत या अनुभवाचें उत्तम उदाहरण होय. जून महिन्यांत शनिवारीं दुपारीं सुटलेल्या गाड्या रविवारीं त्याच वेळेपर्यंत धांवतात, आणि तेवढ्या अवधींत जी अधिकांत अधिक अंतर तोडील ती जिंकते. गाडी एक, चालक तीन. ते आळीपाळीनें बसतात.

मार्गाची एक फेरी १३.६२६ किलोमीटरांची असून तिचा बराच भाग एरव्हीं रहदारीचा रस्ता आहे. सरळ पट्ट्यावर वेग ताशीं ३०० किलोमीटरांच्या वर जातो, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. चारशें मीटर रस्ता नजरेच्या टप्प्यांत असला, तर गाडी पांच सेकंदांत आली आणि गेली. ती पुन्हा दिसावयास साडेतीन मिनिटें लागतात. २०२३ सालीं विजयी झालेल्या फेरारीनें ३४२ फेऱ्या केल्या. अशा जागीं चोवीस तास डोळ्याला डोळा न लावतां उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला ती सारी मिळून अर्धा तासहि दिसली नसती!

म्हणून जाणते प्रेक्षक सरळ रस्ता सोडून वळण गांठतात. आर्नाजचें वळण या मार्गावर सर्वांत संथ. कोण ब्रेक उशिरां लावतो, कोण मागच्याला वाट देतो आणि कोण अडवितो, हें तेथें डोळ्यांनीं कळतें. आणि रात्रीं ब्रेकच्या तबकड्या तापून निखाऱ्यासारख्या लाल झालेल्या दिसतात. तरीहि घोटाळा होतोच. निरनिराळ्या वर्गांच्या गाड्या एकाच वेळीं धांवत असल्यामुळें रस्त्यावर पुढें असलेली गाडी शर्यतींत पुढें असेलच असें नाहीं. नभोवाणीच्या श्रोत्यांना ऐकून मौज वाटेल, कीं मार्गाच्या कडेला बसलेले कित्येक लोक कानाशीं लहानसा रेडिओ धरून समालोचन ऐकत असतात. दुसरा कान मात्र कापसानें बंद केलेला बरा. आवाज तसाच असतो.

नवख्याला सर्वांत अधिक राग येतो तो मध्यें आलेल्या जाळीचा आणि मोकळ्या सोडलेल्या अंतराचा. १९५५ मध्यें हें अंतर फारसें नव्हतें. गाड्या थांबण्याच्या जागा, ज्यांना पिट म्हणतात, त्या धांवत्या रस्त्याला लागूनच होत्या. मध्यें भिंत नव्हती. ११ जूनच्या सायंकाळीं हॉथॉर्ननें पिटकडे वळण्यासाठीं आपल्या जग्वारचा वेग कमी केला. मागील मॅक्लिननें ऑस्टिन-हीली एकाएकीं बाजूला घेतली, आणि तिच्यावर भरधांव येणारी लेव्हेगची मर्सिडीस आदळून उडाली. मातीच्या बंधाऱ्यापलीकडे, जवळची जागा मिळाली म्हणून समाधानानें उभे असलेले ऐंशींहून अधिक प्रेक्षक ठार झाले; लेव्हेगहि गेला. शर्यत चालूच राहिली. गर्दी एकदम बाहेर लोटली तर जखमींना नेणाऱ्या गाड्यांची वाट अडेल, असें कारण संयोजकांनीं दिलें. तें खोटें नव्हतें. परंतु मर्सिडीसवाल्यांनीं रात्रींच आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या, हें अधिक शोभून दिसलें.

पुढें जुने पिट पाडून नवे बांधले, तेथील रस्ता रुंद केला, प्रेक्षकांच्या जागा दूर नेल्या. या कामापायीं १९५६ ची शर्यत जूनऐवजीं जुलैच्या अखेरीस झाली. आज जाळीला डोळा लावून उभें राहण्यापेक्षां जेथें गवताळ चढ असेल तेथें थोडें वर जाऊन बसावें. तेथून जाळीच्या माथ्यावरून नजर जाते, आणि गाडी वळणांत शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत अखंड दिसते.