उजाळा द्यावा, पण किती?

कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे. लोक तिला 'चंदेरी नगरी' म्हणतात. पैंजण, करदोडे, जोडवी इथं घरोघरी घडतात. आटणी एकाकडे, तार ओढणं दुसऱ्याकडे, कड्या जोडणं तिसऱ्या घरातल्या बायकांकडे, असा एकच दागिना अनेक हातांतून फिरतो. शेजारच्या गावांतही हेच काम चालतं.

नवं घडवणाऱ्या अशा गावात जुन्या चांदीची सोपी वाट म्हणजे मोड. वजन करायचं, टंच बघायचा आणि मूस तापवायची. 961 अंशांच्या पुढं आजीचे तोडे आणि गेल्या वर्षीचं पैंजण यांत काही फरक उरत नाही. पण देवघरातले टाक, बाळाचे वाळे, लग्नातली अत्तरदाणी मोडीत घालायला जीव धजत नाही. त्यांना हवा असतो उजाळा, आणि तो देताना घडवण्याइतकीच समज लागते.

चांदीला लोखंडासारखा गंज चढत नाही. हवेतला, घामातला, अंड्या-कांद्यातला गंधक तिला लागतो आणि वर चांदीच्या सल्फाइडचा थर बसतो; आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळा. लोकरी कापडात किंवा रबर लावून ठेवलेली चांदी लवकर काळवंडते, ती याच कारणानं. म्हणजे तो काळा थर बाहेरून आलेली धूळ नाही, त्यात चांदीच आहे. घासून काढला की तेवढी चांदी गेली.

कारागिराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर कारखान्यातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही आणि दागिने धुतलेल्या पाण्याचा गाळही जपून ठेवतात. झारेकरी त्यातून चांदी काढतो. पॉलिशच्या चाकावरून उडालेली धूळसुद्धा पैसाच असतो. फक्त तो गिऱ्हाइकाच्या दागिन्यातून गेलेला असतो.

जुन्या पद्धतीत घाई नसते. डाख दिल्यावर मिश्रणातल्या तांब्याचा ऑक्साइड वर येऊन दागिना काळा पडतो. तो पातळ तेजाबात टाकला की हा थर सुटतो आणि खाली दुधासारखी, बिनचमकेची पांढरी चांदी दिसते. मग रिठ्याच्या फेसात पितळी तारांच्या ब्रशनं हलक्या हातानं घासलं की लकाकी येते. स्टीलच्या छर्ऱ्यांबरोबर दागिना फिरवायची यंत्रंही असतात. छर्रे पृष्ठभाग खरवडत नाहीत, दाबून गुळगुळीत करतात, त्यामुळे घट जवळपास नसतेच. जुन्या जिनसेला मात्र तेजाब आणि आच जपून. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असेल तर उष्णतेनं ती पाघळते आणि पत्रा आत बसतो.

घासण्याचा परिणाम टाकावर बघावा. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा. दर सणाला चिंच किंवा राखेनं घासलेला. सर्वांत उंच भाग आधी झिजतो: देवाचं नाक, घोड्याचं तोंड. काही पिढ्यांनी मूर्तीऐवजी नुसता उंचवटा राहतो आणि टाक नवे करून घेण्याची वेळ येते. एकदा गेलेला उठाव पॉलिशनं परत येत नाही.

घरी करायचं तर सोपी युक्ती आहे. भांड्यात अॅल्युमिनियमचा कागद पसरावा, गरम पाणी आणि खायचा सोडा घालावा, चांदी कागदाला टेकेल अशी ठेवावी. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातो, चांदी जागेवर राहते. सडक्या अंड्याचा वास आला तर काम चालू आहे असं समजावं. पण नक्षीच्या खोबणीतला काळेपणाही ती धुऊन काढते आणि वेलबुट्टी सपाट दिसू लागते. खडे किंवा लाख असलेला दागिना तर त्यात बुडवूच नये.

त्या काळेपणाला बाजारात भावही आहे. ऑक्सिडाइज्ड म्हणून विकले जाणारे दागिने गंधकाच्या द्रावणात मुद्दाम काळे करतात आणि मग फक्त उंच भाग पुसतात, म्हणजे नक्षी उठून दिसते. जुन्या दागिन्यावर हेच काम वर्षांनी फुकट केलेलं असतं.

म्हणून उजाळ्याला देताना दोन गोष्टी कराव्यात. आधी आणि नंतर वजन करावं, आणि "पांढरंशुभ्र करा" असं कधी सांगू नये. उंचवटे चमकावेत, खोबण्या काळ्या राहाव्यात, एवढं सांगितलं तर जाणता कारागीर खूश होतो. त्याचं काम कमी होतं आणि तुमची चांदी तुमच्याकडेच राहते.