सव्वाआठशे किलोमीटरचं येणं

पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१७मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. सुमारे ८२४ किलोमीटरचे सायकल मार्गांचे जाळे आणि त्यासाठी अंदाजे ३३५ कोटी रुपये. शहरात रोज होणाऱ्या प्रवासांत सायकलचा वाटा तेव्हा जेमतेम ३ टक्के होता. तो २०३१पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचा, असे उद्दिष्ट. भारतातल्या एखाद्या महापालिकेने केवळ सायकलसाठी एवढा तपशीलवार कागद तयार करावा, ही साधी गोष्ट नव्हती. आणि तो कागद प्रशासनाच्या मनात आले म्हणून तयार झाला नाही. त्यामागे पुणेकरांच्या चिकाटीचा मोठा इतिहास आहे.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे सांगायला आता आजी-आजोबाच उरले आहेत. नगरपालिकेचा कर भरून सायकलला बिल्ला लावायचा, रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसले तर पोलीस अडवणार, आणि स्वतःची सायकल नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने घ्यायची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. पेठांतले कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी सगळे सायकलवरच.

हे चित्र पालटायला पुणे परिसराच्या उद्योगांनीच हातभार लावला. आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लुना या दोन्ही गाड्या १९७२च्या सुमारास बाजारात आल्या. शहर पसरत गेले, अंतरे वाढली आणि बससेवा मात्र त्या वेगाने वाढली नाही. मध्यमवर्गीय घरात आधी एक दुचाकी आली, मग माणशी एक. २०१८मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांपलीकडे गेला, म्हणजे शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकून.

या उतरणीच्या काळात काही माणसे उलट दिशेने जोर लावत होती. सुजित पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२मध्ये सुरू केलेली ‘परिसर’ ही संस्था त्यांत अग्रभागी होती. उड्डाणपूल आणि रस्तारुंदीने कोंडी सुटत नाही, रस्ता वाहनांसाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहे, हा तिचा मुद्दा. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तोच मुद्दा अधिकृतपणे मांडला. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर पुण्याची बीआरटी (स्वतंत्र मार्गिकेतली बससेवा) धावू लागली आणि केंद्राच्या निधीतून मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅक दिसू लागले.

ट्रॅक झाले, पण ते चालवण्याजोगे होते का? कोणत्याही अशा ट्रॅकवर शंभर मीटर सायकल नेऊन पाहावी. फूटपाथच्या उंचीवर चढवलेला पेव्हर ब्लॉकचा पट्टा. दर सोसायटीच्या फाटकापाशी तो खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. मध्येच विजेचा डीपी, पुढे चेंबरचे वर आलेले झाकण, त्यापुढे बसथांब्याची पाठ. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी रोवलेले खांब कधी इतके जवळ, की सायकलस्वारालाच उतरून हँडल तिरके करावे लागते. चौकात, म्हणजे संरक्षणाची सर्वांत जास्त गरज असते तिथे, ट्रॅक संपतो. एकेरी ट्रॅकला किमान दोन मीटर रुंदी हवी, हे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. मोजपट्टी लावली की पुष्कळ ट्रॅक तिथेच नापास होतात.

हे सगळे नोंदवत राहण्याचे काम नागरिकांनी केले. ‘परिसर’च्या जोडीने सेव्ह पुणे ट्रॅफिक मूव्हमेंट, पुणे सायकल प्रतिष्ठान अशा गटांनी त्रुटी दाखवल्या आणि ट्रॅकवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी निवेदने दिली. मोर्च्यासारखी बातमी न होणारे हे काम आहे, पण शहरे अशाच कामाने सुधारतात. २०१६मध्ये पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे आली, पाठोपाठ सायकल आराखडा. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ याच विचारातून झाले. २०२०चा ‘सस्टेनेबल ट्रान्स्पोर्ट अवॉर्ड’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही पुण्याला मिळाला.

आराखड्याच्या मंजुरीच्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली अवतरल्या. पेडल, ओफो, नंतर मोबाइक. तरुणांनी त्या उचलून धरल्या. पण ओफोने २०१८मध्ये भारतातून गाशा गुंडाळला, मोबाइकही टिकली नाही. सायकलींची मोडतोड आणि चोरी झाली हे खरे. तरी मूळ दोष वेगळा होता: सायकल आधी आली आणि तिला चालायला सलग, सुरक्षित वाट नव्हती.

आज पुण्यात रोज सायकल कोण चालवते? पेपर टाकणारा मुलगा, इमारतीचा रखवालदार, बांधकामावरचा मजूर, शाळकरी मुली. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे हौशी सायकलपटू सायकलची प्रतिष्ठा वाढवतात, आणि ते हवेच आहे. पण सायकल ट्रॅकची खरी गरज सोमवारी सकाळी सहा वाजता कामावर निघालेल्या माणसाला आहे. त्याच्याकडे दुसरे वाहन नाही आणि निवेदन द्यायला वेळही नाही.

सायकल एकदा मागे पडली की परत येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सकडे पाहावे. तिथेही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, सरकारला धोरण बदलावे लागले आणि पुढच्या काही दशकांत सायकल मार्गांचे जाळे उभे राहिले. लांब कशाला, केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ या स्पर्धेत २०२१मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत शेजारचे पिंपरी-चिंचवड होते, नागपूर होते. पुणे नव्हते.

आराखडा मंजूर आहे. त्याची मागणी नव्याने करायची नाही, ठरलेले काम करून घ्यायचे आहे. त्यासाठी हातात एक साधन आहे. पुणे महापालिका २००६पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते आणि त्यासाठीचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. घराजवळच्या ट्रॅकवरचा डीपी कुठे आडवा येतो, खांब कुठे जवळ आहेत, चौकात पट्टा कुठे तुटतो, एवढे लिहून यंदा प्रत्येक सोसायटीने एक तरी अर्ज भरावा आणि त्याची पोच घ्यावी.