कुपोषण व बालकांची श्रवणशक्ती

हाक मारूनही ओ न देणारे मूल मंदबुद्धीच असते असे नव्हे. कदाचित त्यास नीट ऐकू येत नसेल. बाल्यात लोह कमी पडल्यास श्रवणमज्जातंतूंवरील वेष्टन उशिरा पूर्ण होते व कानाकडून मेंदूकडे जाणारा संदेश मंदावतो. शिवाय कुपोषित बालकाचा कान सर्दीमागून वारंवार फुटतो. चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवरील शिक्षकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. मुलामागे उभे राहून हळू आवाजात त्याचे नाव उच्चारावे. ऐकू न आल्यास त्यास पुढे बसवावे, वाहत्या कानात तेल घालू देऊ नये आणि सन २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासून घ्यावे. मुलास ‘ढ’ ठरविण्यापूर्वी त्याच्या कानांची परीक्षा करणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.