कागदयंत्रावरचे काम

कागद गिरणीतला मशीन ऑपरेटर पातळ लगद्यापासून सलग कागद काढणारे यंत्र चालवतो. सरकत्या जाळीवर कागद बनवण्याच्या यंत्राचे पेटंट निकोला-लुई रोबेर याने 1799 मध्ये फ्रान्समध्ये घेतले. पुढे इंग्लंडमध्ये फोरड्रिनियर बंधूंनी पैसा घातला आणि ते यंत्र कामाचे झाले. आजची अवाढव्य यंत्रेही मुळात याच तत्त्वावर चालतात.

कागदयंत्राच्या आधी लगदा विभाग येतो. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूरची गिरणी बांबूवर उभी राहिली. अशा गिरणीत बांबूचे किंवा लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात, दाबाखाली, सुमारे 160 ते 170 अंश सेल्सिअसला शिजवतात. तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारे लिग्निन त्यात विरघळते आणि तंतू सुटे होतात. धुऊन, विरंजन करून आणि कुटून तयार झालेला लगदा भरपूर पाणी मिसळून यंत्राकडे पाठवला जातो.

यंत्रावर येणाऱ्या लगद्यात तंतू जेमतेम अर्धा ते एक टक्का असतात, बाकी सगळे पाणी. ते पाणी टप्प्याटप्प्याने काढणे हेच यंत्राचे काम. हेडबॉक्समधून लगदा धावत्या जाळीवर समान पसरतो. जाळीला गिरणीत ‘वायर’ म्हणतात. तिच्यातून पाणी खाली निथळते आणि ओली चादर तयार होते. मग प्रेसचे रोल ‘फेल्ट’ नावाच्या जाड कापडाच्या साहाय्याने तिच्यातले पाणी पिळून काढतात. शेवटी वाफेने तापलेल्या लोखंडी सिलिंडरांवरून जाताना कागद वाळतो आणि रीलवर गुंडाळला जातो. प्रेसमधून बाहेर पडणारा कागद एका टक्क्याने जास्त कोरडा असला, तरी ड्रायरची साधारण 4 टक्के वाफ वाचते. म्हणून अनुभवी ऑपरेटरचे प्रेसवर बारीक लक्ष असते.

कागदाचे वजन, ओलावा आणि जाडी ही ऑपरेटरची रोजची मोजमापे. वजन ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात. 80 जीएसएमच्या ए-फोर कागदाचे वजन जवळपास 5 ग्रॅम भरते. धावत्या कागदावर फिरणारा स्कॅनर ही मापे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दाखवतो. मात्र आकडा का बदलला, हे ऑपरेटरलाच शोधावे लागते. लगदा घट्ट झाला, फेल्ट चोंदली की वाफेचा दाब उतरला, यावर पुढचा उपाय ठरतो.

खरी कसोटी कागद तुटल्यावर लागते. यंत्र मिनिटाला 600 मीटर वेगाने चालत असेल, तर सेकंदाला 10 मीटर कागद वाया जाऊ लागतो. लगद्यातली चिकट गाठ, फाटकी कड किंवा दोन विभागांमधला जास्तीचा ताण, यांतले कोणतेही कारण पुरते. तुटलेला कागद, म्हणजे ‘ब्रोक’, खालच्या टाकीत विरघळवून पुन्हा वापरतात. कागद पुन्हा रीलवर चढवण्यासाठी पाण्याच्या बारीक धारेने कडेची एक अरुंद पट्टी वेगळी काढून ती आधी रीलपर्यंत नेतात आणि मग हळूहळू रुंद करून पूर्ण कागद ओढतात. या वेळी पाळीतल्या सगळ्यांची हालचाल एकमेकांशी जुळावी लागते.

घाई सर्वांत घातक ठरते तीही याच वेळी. दोन रोल जिथे एकमेकांना भिडतात, तिथे बोट किंवा सैल बाही सापडली तर यंत्र हात आत ओढते. म्हणून चालू रोल हाताने साफ करायचा नसतो, आणि दुरुस्तीआधी वीज तोडून स्विचला कुलूप लावायचे असते. लगद्याच्या टाक्यांचा धोका डोळ्यांना दिसत नाही. साचून कुजलेल्या लगद्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो नाक बधिर करतो, त्यामुळे वासावर विसंबता येत नाही. आतली हवा तपासल्याशिवाय टाकीत कोणीही उतरू नये. बेशुद्ध सहकाऱ्याला वाचवायलाही श्वसनयंत्राशिवाय जाऊ नये. सततच्या आवाजापासून कान आणि ड्रायरजवळच्या उष्णतेपासून शरीर जपणे हेही कामाचाच भाग आहे.

गिरणी चोवीस तास चालते, त्यामुळे काम पाळ्यांमध्ये होते. अनेक जण आयटीआय किंवा पदविकेनंतर मदतनीस म्हणून लागतात आणि ज्येष्ठांच्या हाताखाली शिकत वर चढतात. कागद तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण आयआयटी रुडकीच्या सहारनपूर परिसरात मिळते. यंत्रे कितीही स्वयंचलित झाली, तरी कागद तुटण्याआधीचा बदललेला आवाज किंवा जाळीवरची वेडीवाकडी ओली रेषा ओळखण्याचे कसब यंत्राशेजारी वर्षानुवर्षे उभे राहूनच येते. पाळी बदलताना ही निरीक्षणे नोंदवहीत लिहून पुढच्या ऑपरेटरला समजावून सांगणे, हे म्हणूनच यंत्र चालवण्याइतकेच मोलाचे काम मानले पाहिजे.