यामासींवरचा ‘विश्वासघाता’चा शिक्का

१५ एप्रिल १७१५, गुड फ्रायडेची पहाट. साउथ कॅरोलायनातल्या पोकोटॅलिगो गावात इंग्रज वसाहतीचे दूत मुक्कामाला होते. आदल्या दिवशी बोलणी झाली होती, गाऱ्हाणी दूर करण्याचा शब्द त्यांनी दिला होता. उजाडताच यामासी या मूळ अमेरिकन समाजाच्या लोकांनी त्यांच्यावर झडप घातली. थॉमस नेर्न या अधिकाऱ्याला तर हालहाल करून मारले. एवढेच पाहिले की ‘रानटी टोळीने मित्रांचा गळा कापला’ ही समजूत पक्की होते. प्रत्यक्षात यामासी ही अनादी काळापासूनची टोळी नव्हती. अल्टामाहासारख्या मोडकळीला आलेल्या सत्तांतल्या लोकांनी सतराव्या शतकात उभारलेला तो समाज होता. आधी त्यांनी स्पॅनिश मिशनांचा आसरा घेतला, १६८०च्या दशकात ते इंग्रजांच्या शेजारी आले. बंदुका आणि कापड उधारीवर मिळे. फेड करायची हरणांच्या कातड्यांनी आणि पकडून आणलेल्या गुलामांनी. १७११पर्यंत अंगावरचे कर्ज सुमारे १,००,००० कातड्यांवर गेले होते. कर्ते पुरुष होते जेमतेम चारशे, म्हणजे माणशी अडीचशे कातडी! इकडे हरणे कमी होत होती, वसाहतवाल्यांची गुरे यामासींच्या जमिनीत शिरत होती, आणि वसुलीसाठी व्यापारी बायकामुलांनाही धरून नेत होते. अशात १७१५च्या आरंभी वसाहतीने त्यांची शिरगणती केली. आता गुलाम होण्याची आपलीच पाळी, ही त्यांची भीती निराधार कशी म्हणावी?

यावर आक्षेप येतो की यामासी स्वतःच गुलाम पकडत होते. ते खरे आहे आणि झाकण्याचे कारण नाही. १६८५मध्ये त्यांनी तिमुकुआ लोकांच्या मिशनवर धाड घालून माणसे पकडून विकली. पण म्हणूनच या बाजाराची भूक किती मोठी आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांचा अपराध मान्य केल्याने खरेदीदारांचा अपराध हलका होत नाही. शिवाय ही धग एकट्या यामासींना लागलेली नव्हती. त्या हल्ल्याने पेटलेल्या युद्धात क्रीक, कटाबा आणि इतर अनेक समाज उतरले, शेकडो वसाहतवाले मारले गेले. १७१६च्या जानेवारीत चेरोकींनी इंग्रजांची बाजू घेतली, तेव्हा पारडे फिरले.

‘युद्धानंतर यामासी नामशेष झाले’ हेही खरे नाही. बरेच जण सेंट ऑगस्टीनजवळ स्पॅनिशांच्या आश्रयाला गेले, तिथून वर्षानुवर्षे इंग्रज सीमेवर छापे घालत राहिले. आणि १७६३मध्ये स्पेनने फ्लोरिडा सोडला, तेव्हा उरलेल्यांतली काही कुटुंबे स्पॅनिशांसोबत जहाजाने क्यूबाला गेली.